सासूबाईंचं पोषण आणि जावयाची शुद्धी

जिची केमिस्टला भीती वाटत नाही अशी गोष्ट जगात नव्हती. एखाद-दुसरी असलीच, तर तिची खबर त्याच्यापर्यंत अजून पोचली नव्हती. यात त्याचा तरी काय दोष? दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहायचं म्हणजे साध्या डोकेदुखीच्या गोळीनंही माणसाचं काय काय होऊ शकतं हे आपोआप पाठ होतं. गिऱ्हाईक गोळी घेऊन निघून जातं, दुष्परिणाम केमिस्टच्या डोक्यात मुक्कामाला राहतात. आणि भीती वाटली की तो बोलायचा. थांबायचाच नाही. दातांच्या डॉक्टरकडे तोंडात आरसा आणि चिमटा दोन्ही असतानाही तो बोलत राहिला होता, आणि डॉक्टरांनी हात जोडून त्याला पुढची तारीख दिली होती.

त्यामुळे एका सकाळी बायको चहाचा कप समोर ठेवून म्हणाली, "आईला घेऊन तुला आरोग्यधामात जायचंय," तेव्हा त्याला बोलण्यासारखं पुष्कळ सुचलं. पण बायकोचा चेहरा पाहून त्यानं कप तोंडाला लावला.

गोष्ट थट्टेची नव्हती. सासरे गेल्यापासून सासूबाईंचं जेवण तुटलं होतं. दोन घास झाले की ताट सरकवायच्या आणि "झालं माझं" म्हणायच्या. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. सगळं उत्तम होतं, फक्त बाई वाळत चालली होती. बायको आणि मेहुणी आळीपाळीनं त्यांच्या समोर बसायच्या, श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघायच्या, आणि तो हात भातापर्यंत जाऊन परत यायचा.

"योग, आयुर्वेद, शुद्धी आणि साधा पोषक आहार," बायकोनं मोबाइलवरची जाहिरात वाचून दाखवली. 'पोषक' या शब्दावर तिनं इतका जोर दिला की शेजारच्या घरातलं कुत्रं भुंकलं.

"मग तू जा ना."

"शाळेच्या परीक्षा तोंडावर आल्यात, मला कोण सोडतंय? आणि तुलाही गरज आहे. पोट बघ, रक्तदाब बघ. मी सगळं बुक केलंय. आईला पोषण, तुला शुद्धी."

"शुद्धी म्हणजे नक्की काय करतात?"

"शरीरातली घाण बाहेर काढतात."

"कुठून?"

बायकोनं मोबाइल बंद केला. ती कप उचलून आत गेली.

बातमी इमारतीत पसरायला जिना चढण्याइतकाही वेळ लागला नाही. समोरच्या वहिनी अशा ठिकाणी एकदा जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "भावजी, सुरुवातीला जीव नकोसा होतो, मग रडू येतं, मग एकदम हलकं वाटतं." हलकं वाटतं म्हणजे चक्कर येते का, असं त्यानं विचारलं. वहिनी म्हणाल्या की तेव्हा त्या पडलेल्याच होत्या, त्यामुळे सांगता येणार नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी त्याला जिन्यात गाठलं, खांद्यावर हात ठेवला आणि खोल आवाजात म्हणाले, "तेलाला घाबरू नकोस. तेल बाहेरून लावतात तोवर काही नाही." पुढचं वाक्य ऐकायच्या आत केमिस्ट तळमजल्यावर पोचला होता. दुकानाशेजारच्या शिंप्याचं म्हणणं मात्र व्यवहारी होतं. "माझं एक गिऱ्हाईक जाऊन आलं. सगळ्या पँटी आत घेतल्या. महिनाभरात सगळ्या परत सोडाव्या लागल्या. तुमच्या मी नुसत्या कच्च्या टाक्यानं घेईन."

त्याला खरी धडकी भरली होती ती सासूबाईंची. त्यांची हयात पोस्टाच्या खिडकीमागे गेली होती. चष्म्याच्या वरून त्या अशा बघायच्या की समोरच्या माणसाला आपण नीट न बांधलेलं पार्सल आहोत असं वाटावं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांच्याशी केमिस्टचं संभाषण "बरं आहे ना?" आणि "बरं आहे" याच्या पुढे गेलेलं नव्हतं. निघताना बायकोनं गाडीच्या खिडकीतून डोकं आत घातलं. तिचे डोळे भरले होते. "काही कर, पण तिला खाऊ घालून आण," ती त्याच्या कानात म्हणाली. तेव्हा त्याला कळलं की आजवरच्या सगळ्या भीत्या किरकोळ होत्या.

आरोग्यधाम टेकडीच्या पायथ्याशी होतं. पांढऱ्या भिंती, खडीच्या वाटा, आणि इतकी शांतता की खडीवर पाय टाकताना अपराधी वाटावं. आवारात मौन होतं. पाहुण्यांना बोलायची परवानगी फक्त स्वागतकक्षात, तीही हळू. मोबाइल कपाटात बंद झाले. स्वागतिकेनं संगणकात बघितलं, गोड हसली आणि म्हणाली, "या, तुमची खोली तयार आहे. पती-पत्नी, एक मोठा पलंग."

केमिस्टच्या कानशिलांतून वाफ निघाली. सासूबाईंनी चष्म्याच्या वरून आधी त्या मुलीकडे पाहिलं आणि मग, का कोण जाणे, त्याच्याकडे.

"या माझ्या सासूबाई आहेत," तो म्हणाला.

"संगणकात पत्नी आहेत," मुलगी म्हणाली. तिच्या आवाजात जरासा संशय होता.

"अहो, मला माहीत आहे माझी पत्नी कोण ते!"

"सर, हळू. बदल करायचा तर व्यवस्थापकांना करावा लागेल. आणि ते या आठवड्यात मौनात आहेत."

व्यवस्थापक आले. उंच, हसतमुख, छातीवर 'मी मौनात आहे' अशी कापडी पट्टी. केमिस्टनं सगळा प्रकार सांगितला. व्यवस्थापकांनी डोळे मिटले, उघडले, दोन बोटं वर केली, मग एक बोट छताकडे आणि एक जमिनीकडे केलं. त्याचा अर्थ लावायला स्वागतिकेला बराच वेळ लागला. दोन खोल्या, पत्नींना वरची, सरांना खालची. पण सासूबाईंचे गुडघे जिना बघूनच दुखायचे. शेवटी केमिस्ट मोठ्या मनानं म्हणाला, "आई, तुम्ही खालची घ्या. मी वर जातो." आयुष्यात पहिल्यांदाच सासूबाईंनी त्याच्याकडे नीट बांधलेल्या पार्सलासारखं पाहिलं. तो सुखावला. आरोग्यधामात माणसाला नावानं कोणी ओळखत नाही, आहार आणि उपचार सगळं खोलीप्रमाणे चालतं, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

ते कळलं भोजनगृहात. लांब टेबलं, खाली मान घालून बसलेली माणसं, चमच्यांचासुद्धा आवाज नाही. केमिस्टसमोर मऊ भात आला, वर वितळलेलं तूप, बाजूला घट्ट डाळ, उकडलेला भोपळा, दुधात शिजवलेला खजूर. शुद्धी अशी असेल तर लोक उगाच घाबरतात, असं मनाशी म्हणत त्यानं चमचा उचलला. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावर त्याची नजर गेली. सासूबाईंसमोर एक वाटी होती. वाटीत पाणी होतं. पाण्यात कोथिंबिरीचं एक पान तरंगत होतं आणि त्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या.

त्यानं चमचा परत ठेवला. अदलाबदल झाली होती. शुद्धीच्या खोलीत सासूबाई, पोषणाच्या खोलीत आपण. जी बाई आधीच अर्धी झाली आहे ती इथून आणखी अर्धी होऊन परत जाणार, आणि बायको दारात उभी असणार. त्याला बायकोचा चेहरा दिसला. मग त्याला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती कबूल करायला त्याला जड गेलं. ही चूक दुरुस्त झाली तर शुद्धी आपली होणार होती. कुठून, या प्रश्नासकट.

म्हणून त्यानं दुरुस्तीचा प्रयत्न केला खरा, पण जरा दबकत. जेवणानंतर त्यानं व्यवस्थापकांना खडीच्या वाटेवर गाठलं. बोलायची बंदी, म्हणून हातवारे सुरू केले. आधी डोक्यावर अंबाडा दाखवला, मग डोळ्यांवर चष्मा, मग रिकामी वाटी, मग स्वतःच्या पोटाकडे बोट, मग दोन्ही हातांची फुली. व्यवस्थापकांच्या चेहऱ्यावर करुणा दाटून आली. त्यांनी केमिस्टचा हात हातात घेऊन दाबला. संध्याकाळी त्याच्यासमोर दुप्पट भात आला. सासूबाईंच्या वाटीतलं पान तेवढं कमी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या योगासनांना सासूबाई आल्याच नाहीत.

केमिस्ट शवासनात पडला होता. शिक्षक सांगत होते, पायाचा अंगठा सैल सोडा, घोटा सैल सोडा. केमिस्टचा एकही अवयव सैल सुटायला तयार नव्हता. सासूबाई कुठे आहेत? त्यानं एक डोळा उघडला, दुसरा उघडला आणि शवासनातून उठून चक्क पळाला. खालच्या खोलीचं दार उघडं. पलंग रिकामा. न्हाणीघर रिकामं. पाणी पिऊन राहणारी म्हातारी बाई, उन्हात बाहेर पडली असेल, चक्कर आली असेल. तो बाष्पस्नानाच्या खोलीत घुसला. तिथे लाकडी पेट्यांतून नुसती मुंडकी बाहेर आलेली होती, घामानं चिंब आणि डोळे मिटलेली. त्यानं एकेका मुंडक्यापुढे वाकून पाहिलं. एका मुंडक्यानं डोळे उघडले, समोर केमिस्टचा पांढराफटक चेहरा बघितला आणि मौन मोडून किंकाळी फोडली. तो तिथून निघाला तो कमळांच्या तळ्यापाशी. तळं गुडघाभरच होतं, पण पाणी गढूळ होतं. त्यानं काठी घेऊन तळ ढवळला. काठीला काहीतरी मऊ लागलं. ती चप्पल होती. पुरुषाची. तो मटकन काठावर बसला आणि आपण रडतोय हे त्याच्या उशिरा लक्षात आलं.

सासूबाई सापडल्या स्वयंपाकघराच्या मागे, जिन्याखाली. भाजीच्या पालथ्या खोक्यावर बसल्या होत्या, हातात न सोललेलं गाजर. पोस्टाच्या खिडकीत ज्यांनी कोणाचं एक पाकीट कधी रांगेबाहेर घेतलं नाही, त्या बाईंनी गाजर चोरलं होतं. त्यांच्या चेहऱ्यावर तसं स्पष्ट दिसत होतं.

"भूक लागली हो, जावईबापू," त्या अगदी हळू म्हणाल्या. "किती दिवसांनी लागली. पण घास काही उतरत नाही."

गाजराला एकच दात लागलेला होता.

केमिस्टला इतकं हायसं वाटलं आणि त्याच वेळी कोणी बघेल याची इतकी भीती वाटली, की त्याचं तोंड सुटलं. कुजबुजत, धापा टाकत तो बोलत सुटला. पेटीतली मुंडकी, तळ्यातली चप्पल, गढूळ पाण्यानं होणारे आजार, गाजरावरची माती, मातीतले जंतू, जंतांची गोळी, ती गोळी एका गिऱ्हाइकानं कशी स्वतः न घेता मांजराला दिली आणि मांजर कसं त्याच्या सासरी निघून गेलं... मध्येच त्याला आवाज आला. करकर, करकर. सासूबाई गाजर खात होत्या.

त्यानं बोलणं थांबवलं. आवाज थांबला.

"थांबू नका," सासूबाई म्हणाल्या. त्यांची नजर जमिनीवर होती. "आमचे हे जेवताना सारखे बोलायचे. रेडिओ दुरुस्त करायचे आणि स्वतःच रेडिओसारखे चालू असायचे. मी म्हणायची, अहो, घास तरी गिळा. आता पोरी समोर बसतात. दोघी गप्प. मी गिळते का बघतात. त्या शांततेत घास असा... इथं येऊन उभा राहतो." त्यांनी गळ्याला हात लावला. "तुम्ही बोला. काहीही बोला."

काहीही बोलणं ही एकच कला केमिस्टला अवगत होती. तो वर पळाला, जेवताना न संपलेली म्हणून खोलीत आणून झाकून ठेवलेली आपली डाळ आणि भात घेऊन आला आणि जिन्याखाली त्यानं बोलायला सुरुवात केली. भाताचा वाडगा रिकामा झाला.

मग तेच रोजचं होऊन बसलं. योगासनांच्या वेळी केमिस्टला नेमका पोटात मुरडा यायचा, सासूबाईंचे गुडघे नेमके धरायचे आणि दोघं जिन्याखाली भेटायचे. तो त्यांचं पाणी प्यायचा, त्या त्याचा भात खायच्या. सासूबाईंच्या गालांवर रंग यायला लागला. केमिस्टच्या विजारीची नाडी दिवसेंदिवस लांब होत चालली. भुकेनं डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. तरीपण मनातून तो खूश होता. सासूबाईंना पोषण मिळत होतं, त्याची थोडीफार शुद्धी होत होती, आणि हे सगळं कुणालाही काही न सांगता.

मग फळ्यावर उपचारांची नावं लागली. खालच्या खोलीपुढे लिहिलं होतं: वमन.

केमिस्टला तो शब्द माहीत होता. काढा गळ्यापर्यंत प्यायचा आणि मग सगळा उलटून टाकायचा. सासूबाईंना? त्या वयात, त्या अंगावर? आत्ता कुठे चार घास पोटात टिकायला लागलेत! बाहेर राहून काम बघणाऱ्या मोठ्या वैद्यबाई खास यासाठी येणार होत्या. सगळे त्यांना टरकून होते. मौनात असलेले व्यवस्थापकसुद्धा त्यांचं नाव निघालं की आणखी गप्प व्हायचे.

सांगायला हवं होतं. सांगितलं की वमन आपल्यावर येणार होतं. केमिस्टला लहानपणापासून उलटीची इतकी दहशत होती की तो बोटीत कधी बसला नव्हता आणि जत्रेतल्या पाळण्याकडे त्यानं मान वर करून कधी पाहिलं नव्हतं. तो फळ्यापासून खोलीपर्यंत आणि खोलीपासून फळ्यापर्यंत चालला. सकाळी सांगू, असं ठरवलं. सकाळी न्याहारीनंतर सांगू, असं ठरवलं. आणि न्याहारीला भोजनगृहाचं दार उघडलं. पांढऱ्या साडीतल्या वैद्यबाई आत आल्या, मागे दोन सेविका. सेविका सरळ सासूबाईंच्या टेबलाशी गेल्या आणि एकीनं त्यांच्या दंडाला हात लावला. सासूबाईंनी गोंधळून इकडेतिकडे पाहिलं. चष्म्याच्या वरून नाही, चष्म्यातून. त्यांना भीती वाटत होती. ही नजर केमिस्टच्या चांगल्या ओळखीची होती. आरशात तो ती रोज बघायचा.

तो उठला. खुर्ची मागे पडली. आणि त्या निःशब्द भोजनगृहात त्याचा आवाज घुमला:

"थांबा! ओकायचं मला आहे! सासूबाईंना नाही!"

शंभरएक चमचे जागच्या जागी थांबले. व्यवस्थापकांनी दोन्ही हात कानांवर ठेवले. केमिस्टला आता थांबता येईना. खोल्या, जिना, संगणक, पती-पत्नी, पाण्यातलं पान, गाजर, सगळं त्यानं एका दमात सांगून टाकलं. लोकांच्या माना टेनिसच्या सामन्यासारख्या त्याच्याकडून सासूबाईंकडे आणि परत त्याच्याकडे वळत होत्या. 'पती-पत्नी'पाशी कुणीतरी "अगंबाई" म्हणालं.

वैद्यबाईंनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं. मग सासूबाईंचं मनगट हातात घेतलं, जरा वेळ धरून ठेवलं. "यांना मी वमन देणारच नव्हते," त्या म्हणाल्या. "नाडी बघितल्याशिवाय मी कुणालाच काही देत नाही. आता फक्त तपासायला नेणार होते."

केमिस्ट पडलेल्या खुर्चीवरच बसायला गेला आणि जमिनीवर बसला.

"पण तुम्ही," वैद्यबाई त्याच्याकडे वळल्या आणि त्याचंही मनगट धरलं, "तुमची नाडी ठीक आहे. आणि सबंध भोजनगृहासमोर इतक्या उत्साहानं मागणी करणारा माणूस मी पहिल्यांदा पाहते आहे. चला."

नाही म्हणायला त्यानं तोंड उघडलं. सासूबाई त्याच्याकडे बघत होत्या. तो उठला आणि वैद्यबाईंच्या मागे निघाला.

उपचाराची खोली छोटी होती. एक खुर्ची, एक पसरट भांडं, आणि काढ्याचा एक हंडा. तो बघून केमिस्टला वाटलं, यात आपण मावू. पहिला पेला त्यानं डोळे मिटून घेतला. दुसऱ्याला त्याचे दात पेल्यावर वाजायला लागले, आणि साहजिकच त्यानं बोलायला सुरुवात केली. शरीरातलं पाणी, क्षार, हृदयाचे ठोके, दुकानाची किल्ली कुणाकडे द्यायची...

"त्यांना गप्प करा," वैद्यबाई सेविकेला म्हणाल्या. "बोलत राहिले तर काढा नाकात जाईल."

दार ढकलून सासूबाई आत आल्या. हातात त्यांचा न्याहारीचा वाडगा होता, या वेळी त्यांचा स्वतःचा, वर तूप घातलेला. त्यांनी एक स्टूल ओढलं आणि त्याच्या पाठीशी बसल्या.

"तुम्ही आता गप्प बसा, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मी बोलते."

आणि त्या बोलायला लागल्या. आधी अडखळत, मग सुरळीत. सासऱ्यांना इंजेक्शनची कशी भीती वाटायची, ते दवाखान्याच्या मागच्या खिडकीतून कसे उतरले आणि खाली भाजीवालीच्या टोपलीत कसे पडले. घरी आले ते बाहीला वांगी लटकलेली, आणि तरी म्हणत होते की इंजेक्शन अगदी मजेत घेतलं. केमिस्टला हसू फुटलं आणि हसता हसताच पोटातून ती लाट आली. वैद्यबाईंनी कपाळ धरलं, सासूबाईंनी एका हातानं पाठ चोळली. जे व्हायचं होतं ते झालं. पुन्हा झालं. वाटलं होतं त्याहून ते वाईट होतं, आणि वाटलं होतं त्याहून लवकर संपलं.

नंतर त्याला बाजूच्या पलंगावर आडवं केलं. अंगातलं सगळं त्राण गेलं होतं. पायाचा अंगठा, घोटा, सगळं आपोआप सैल सुटलं होतं. सासूबाई पायथ्याशी बसून बोलतच होत्या. सासऱ्यांनी पहिल्यांदा दुरुस्त केलेला रेडिओ, त्यातून फक्त शेजाऱ्यांचं भांडण कसं ऐकू यायचं. आजारपणातही त्यांचं बोलणं कसं थांबलं नाही, शेवटी नुसते ओठ हलायचे, तरी सासूबाईंना सगळं कळायचं. बोलता बोलता त्यांचे डोळे वाहत होते. त्या पुसत नव्हत्या, कारण उजवा हात गुंतलेला होता. वाडग्यातून तोंडाकडे, तोंडाकडून वाडग्याकडे.

वाडग्याचा तळ दिसायला लागला होता. त्यांचं लक्ष नव्हतं. केमिस्टचं होतं. त्याला मोठ्यानं ओरडून सांगावंसं वाटलं, आई, बघा, सगळं संपवलंत तुम्ही. पण सांगितलं आणि त्या थांबल्या तर?

या भीतीनं तो, बहुधा जन्मात पहिल्यांदा, एक अक्षरही बोलला नाही.